शिक्षकाचे तत्त्वज्ञान आणि चुकलेले उत्तर

सहावीचा वर्ग. फळ्यावर अपूर्णांकांच्या बेरजेचे उदाहरण आहे : १/२ + १/३. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहते आणि ठामपणे उत्तर देते, 'दोन छेद पाच.' वर्गात पन्नासहून अधिक मुले आहेत, तास पस्तीस मिनिटांचा आहे आणि घटक चाचणी आठवड्यावर आली आहे. यानंतरच्या काही क्षणांत बाईंपुढे तीन-चार वाटा असतात. 'चूक, बस खाली' असे म्हणून त्या पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे वळू शकतात. छेद समान करून घेण्याचा नियम पुन्हा एकदा फळ्यावर लिहू शकतात. 'कालच शिकवले होते ना?' असे विचारून वर्गाला हसवू शकतात. किंवा 'हे उत्तर कसे काढलेस, ते सांग बरे' असे म्हणून खडू तिच्या हाती देऊ शकतात.

यांपैकी कोणती वाट बाई निवडतात, हा केवळ स्वभावाचा किंवा त्या दिवसाच्या मनःस्थितीचा प्रश्न नाही. ज्ञान म्हणजे काय, ते मुलाच्या मनात कसे निर्माण होते, चुकीचा अर्थ काय आणि वर्ग नेमका कोणासाठी आहे, या चार प्रश्नांची उत्तरे त्या निवडीत दडलेली असतात. या उत्तरांनाच शिक्षकाचे व्यक्तिगत अध्यापन-तत्त्वज्ञान म्हणता येईल. ते प्रत्येक शिक्षकाजवळ असतेच. मात्र बहुतेकांनी ते कधी उजेडात आणून तपासलेले नसते.

कागदावरचे आणि वर्गातले

शिक्षणाचे तत्त्वज्ञान हा अध्यापक महाविद्यालयांतील एक परिचित विषय आहे. रूसो, फ्रोबेल, ड्यूई, टागोर, गांधी अशी नावे, प्रत्येकाचे चार मुद्दे आणि त्यावर परीक्षेत दीर्घोत्तरी प्रश्न, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. अमेरिकेतील विद्यापीठांत प्राध्यापकपदाच्या उमेदवाराकडून अर्जासोबत अध्यापनविषयक भूमिकेचे एक-दोन पानी निवेदन मागवण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडेही काही खासगी शाळा मुलाखतीत 'तुमचे शिक्षणविषयक तत्त्वज्ञान काय?' असे विचारतात. या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा सारखीच असतात. 'प्रत्येक मूल वेगळे असते', 'शिक्षण बालककेंद्री असावे', 'शिक्षक हा मार्गदर्शक असतो'. या वाक्यांत खोटे काहीच नाही. अडचण अशी, की कोणत्याही शिक्षकाच्या नावाखाली ती तितकीच शोभून दिसतात.

क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ मध्ये व्यावसायिकांच्या विचारपद्धतीविषयी लिहिताना एक उपयुक्त भेद स्पष्ट केला. माणूस आपल्या कृतीचे जे तत्त्व म्हणून सांगतो ते एक आणि त्याच्या प्रत्यक्ष कृतीतून जे तत्त्व दिसते ते दुसरे. या दोहोंत अंतर असते आणि त्या अंतराची जाणीव खुद्द त्या माणसाला बहुधा नसते. यात ढोंगाचा भाग असतोच असे नाही. 'मुलांनी प्रश्न विचारावेत' असे मनापासून मानणारे शिक्षक तासाच्या अखेरच्या मिनिटाला 'काही शंका?' असे विचारतात आणि त्याच वेळी डस्टर उचलून फळा पुसू लागतात. मुले कृती वाचतात, वाक्य नाही. शंका कोणालाच नसते.

न मागता मिळालेला वारसा

हे अंतर का पडते, याचे एक उत्तर डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये आपल्या शिक्षकी पेशावरील अभ्यासात दिले. वकील किंवा शल्यविशारद होऊ पाहणाऱ्या तरुणाने त्या व्यवसायाचे काम जवळून क्वचितच पाहिलेले असते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याने मात्र बारा-पंधरा वर्षे रोज पाच-सहा तास शिक्षकांकडेच पाहिलेले असते. ही एक प्रकारची दीर्घ उमेदवारीच होय. फरक एवढाच, की ती बाकाच्या बाजूने केलेली असते. शिक्षक काय करतो हे विद्यार्थ्याला दिसते. तो ते का करतो, त्याने कोणता पर्याय सोडून दिला, हे दिसत नाही.

त्यामुळे नव्या शिक्षकापाशी अध्यापक महाविद्यालयातील एक-दोन वर्षांच्या खाली या पंधरा वर्षांचा थर असतो. वर्ग शांत असतो, वेळ हाताशी असतो, तेव्हा प्रशिक्षण आठवते. वर्गात गोंगाट होतो, अभ्यासक्रम मागे पडतो, मुख्याध्यापक दारातून डोकावतात, तेव्हा तोंडून नकळत आपल्या जुन्या सरांचे वाक्य बाहेर पडते. स्वतःचे तत्त्वज्ञान घडवणे म्हणजे कोऱ्या पाटीवर नवे काही लिहिणे नव्हे. पाटीवर आधीच काय लिहिलेले आहे ते वाचणे, त्यातले ठेवण्यासारखे ठेवणे आणि उरलेले पुसणे, हा त्याचा पहिला भाग आहे.

भावनगर ते कोसबाद

वर्गाशी गाठ पडल्यावर तत्त्व कसे बदलते, याचे एक ठळक उदाहरण भारतीय शिक्षणाच्या इतिहासात आहे. मूळचे वकील असलेले गिजुभाई बधेका मारिया माँटेसरी यांच्या विचारांनी प्रभावित झाले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात एका काल्पनिक शिक्षकाच्या वर्षभराच्या प्रयोगांची कथा आहे. हा शिक्षक नवे विचार घेऊन चौथीच्या वर्गात येतो आणि पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो. खिडक्या-दारे बंद होतात आणि अंधारात मुले नाना आवाज काढून वर्ग डोक्यावर घेतात. प्रयोग पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगण्यापासून आरंभ करतो आणि वर्ग त्याच्या हाती येतो. मुलांविषयीचा त्याचा विश्वास पहिल्या दिवसाच्या अपयशाने ढळत नाही. आरंभ कोठून करायचा याविषयीची समजूत मात्र त्याला एका रात्रीत बदलावी लागते.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हाच धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरवला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून माँटेसरी पद्धत त्यांच्या अंगवळणी पडली होती. परंतु ही पद्धत सुबत्ता असलेल्या शहरी घरांतील मुलांपुरती राहते, ही बोच त्यांना होती. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. हा परिसर आज पालघर जिल्ह्यात मोडतो.

तेथे शहरात शिकलेल्या प्रत्येक गृहीताची परीक्षा झाली. महागडी शैक्षणिक साधने परवडणारी नव्हती. तेव्हा बिया, शंख-शिंपले, खडे आणि पाने ही साधने झाली. मुले बालवाडीत येत नव्हती; तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली. मोठ्या मुलांना गुरे राखायला जावे लागे. तेव्हा कुरणातच शाळा भरवली गेली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी शाळेत यावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना मिळालेले 'अंगणवाडी' हे नाव याच परंपरेतले.

मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते, हे मूळ तत्त्व ताराबाईंनी सोडले नाही. 'मूल शाळेत आले नाही, तर दोष मुलाचा किंवा पालकांचा' हे गृहीत मात्र त्यांनी टाकून दिले. तत्त्वज्ञानाचा गाभा कोणता आणि सवयीने त्याला चिकटलेले कवच कोणते, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, तर रिकाम्या बालवाडीतून कळले. शिक्षकापुढील रिकामी जागा, मग ती न आलेल्या मुलाची असो की न आलेल्या उत्तराची, हा त्याच्या तत्त्वज्ञानाला विचारलेला प्रश्न असतो.

चुकीचेही एक तर्कशास्त्र

शहरातील शाळेत पट भरलेला असतो. तेथे ही रिकामी जागा वेगळ्या रूपात दिसते. पुन्हा त्या सहावीच्या मुलीकडे वळले, तर 'दोन छेद पाच' हे उत्तर तिने हवेतून आणलेले नाही, हे लक्षात येते. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. पूर्णांकांच्या बेरजेत अंक जसे मिळवायचे असतात, तसेच तिने येथे केले. तिच्यापाशी नियम आहे; तो चुकीच्या ठिकाणी लावला गेला आहे. दशांश अपूर्णांक शिकताना ०.१२ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी आहे असे सांगणारे मूलही असेच वागते. बारा हे पाचापेक्षा मोठे, हा त्याचा आधार.

अशा वेळी नियम पुन्हा सांगितला, तर मूल तो पाठ करते आणि जुनी समजूत त्याखाली तशीच राहते. खडू मुलीच्या हाती दिला, तर ती समजूत उघड होते आणि मग एकच साधा प्रश्न पुरेसा असतो. 'अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी घातली. दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?' पाचातले दोन भाग म्हणजे अर्ध्यापेक्षा कमीच. काही तरी मिळवल्यावर भाकरी कमी कशी होईल, हा पेच तिचा तिलाच पडतो. छेद समान करण्याची गरज आता तिला आतून जाणवते. या सगळ्याला फार तर तीन-चार मिनिटे लागतात आणि तीच चूक मनात घेऊन गप्प बसलेल्या आणखी दहा-पंधरा मुलांचेही काम होते.

चुकीचा प्रश्न भाषेच्या तासाला अधिक नाजूक होतो. मराठी माध्यमाच्या वर्गात एखादा मुलगा 'पाणी' ऐवजी 'पानी' वाचतो. त्याच्या घरी, वस्तीत, आजीच्या तोंडी तो शब्द तसाच आहे. शिक्षकाने भर वर्गात त्याला तीनदा 'णी, णी' म्हणायला लावले आणि वर्ग हसला, तर तो त्या दिवशी एक उच्चार कदाचित शिकेल. परंतु आपल्या घरची भाषा ही हसण्याजोगी गोष्ट आहे, हेही त्याबरोबर शिकेल. पुढच्या वेळी तो हात वर करणार नाही. शिक्षकाच्या दप्तरी त्याची नोंद 'अबोल' किंवा 'अभ्यासात कच्चा' अशी होईल. प्रमाण भाषा शिकवायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षा, नोकरी, वृत्तपत्र यांची भाषा त्या मुलाला मिळालीच पाहिजे. ती त्याच्या भाषेच्या जोडीला द्यायची की तिच्या जागी बसवायची, हा मात्र पद्धतीचा नव्हे, तत्त्वाचा प्रश्न आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. मुलाला भीतीपासून मुक्त ठेवावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे, अशी अपेक्षा कलम २९ मध्ये व्यक्त झाली आहे. छडी उगारू नये, हे कायदा सांगू शकतो. चुकलेल्या उत्तरानंतर वर्गात पसरलेल्या शांततेचे काय करावे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. तेथे शिक्षक एकटा असतो आणि त्याच्यासोबत असते ते त्याचे तत्त्वज्ञान.

श्रद्धा आणि पुरावा

तत्त्वज्ञान व्यक्तिगत असले, तरी ते मनमानी असून चालत नाही. येथे पुरोगामी शिक्षकही घसरतात. 'पाठांतर म्हणजे पोपटपंची' अशी ठाम श्रद्धा बाळगणारा शिक्षक पाढ्यांना हद्दपार करतो. त्याचा हेतू चांगला असतो. परंतु बारा आणि अठरा यांचा लघुतम साधारण विभाज्य काढताना ज्या मुलाला प्रत्येक गुणाकार बोटांवर मोजावा लागतो, त्याचे सारे लक्ष मोजण्यातच संपते आणि अपूर्णांकाची कल्पना बाजूला राहते. घरी पाढे पाठ करून घेणारे कोणी असेल, तर ते मूल तरून जाते. ज्याच्या घरी तसे कोणी नाही, ते मागे पडते. शिक्षकाच्या उदात्त श्रद्धेची किंमत वर्गातल्या सर्वांत दुर्बळ मुलाने मोजावी, हे कोणत्याही बालककेंद्री विचारात बसत नाही.

पुरावा शिक्षकाला अनेकदा चकित करतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना अधिक लक्षात राहिले होते. म्हणजे परीक्षेला शत्रू मानणाऱ्या शिक्षकालाही गुण न देणाऱ्या, निर्धास्त वातावरणातल्या छोट्या उजळण्यांचा फेरविचार करावा लागतो.

दुसरे उदाहरण अधिक साधे आहे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात अमेरिकेतील विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे अधिक विस्तृत झाली, गप्प राहण्याचे प्रमाण घटले आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. 'माझा प्रत्येक मुलावर विश्वास आहे' हे वाक्य वर्गात खरे ठरते की नाही, हे मनगटावरच्या घड्याळानेही तपासता येते.

तत्त्वज्ञान घडवायचे कसे

याची सुरुवात थोर विचारवंतांच्या ग्रंथांपासून नव्हे, तर स्वतःच्या आठवड्यापासून करणे सोयीचे ठरते. रोज एकच प्रसंग वहीत टिपावा : आज कोणते उत्तर अनपेक्षित आले आणि त्यावर काय केले गेले. 'तास चांगला झाला' असा शेरा नको. प्रश्न, उत्तर आणि प्रतिसाद तेवढे लिहावे. महिन्याभरात वीस-बावीस प्रसंग जमतात. ते एकत्र वाचले, की कोणत्या मुलांची नावे वारंवार येतात, कोणाचे नाव एकदाही येत नाही, मुलगे आणि मुली यांना सारखीच संधी मिळते का, हे आपोआप दिसू लागते. शिक्षकाचे खरे तत्त्वज्ञान या नोंदींत असते.

स्वतःची नजर पुरेशी नसते. स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी १९९५ मध्ये चिंतनशील अध्यापनावर लिहिताना चार भिंगे सुचवली : शिक्षकाचा स्वतःचा विद्यार्थिदशेतील व अध्यापनातील अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि शिक्षणविषयक सैद्धांतिक लेखन. आपल्या शाळांत ही भिंगे फारशा खर्चाविना उपलब्ध होऊ शकतात. पंधरवड्यातून एकदा मुलांना नाव न घालता दोन ओळी लिहायला सांगाव्यात : या आठवड्यात काय कळले आणि कोठे गोंधळ झाला. एखाद्या सहकाऱ्याला मोकळ्या तासाला मागच्या बाकावर बसवून एवढेच मोजायला सांगावे, की किती मुले बोलली आणि प्रश्नानंतर किती वेळ दिला गेला. ही तपासणी नव्हे, हे मुख्याध्यापकांनी आधीच स्पष्ट केलेले बरे. अन्यथा तो तास सजवलेला असतो.

यानंतर लेखनाची वेळ येते. एक पान पुरते. त्यावर विशेषणे नकोत, कृती हव्यात. 'माझे अध्यापन विद्यार्थिकेंद्री आहे' या वाक्याच्या जागी 'उत्तर चुकले, तर बरोबर उत्तर सांगण्यापूर्वी मी ते कसे काढले हे विचारीन' असे वाक्य यावे. 'सर्वांना समान संधी' याऐवजी 'प्रत्येक मुलाचा आवाज आठवड्यातून किमान एकदा वर्गाला ऐकू येईल' असे यावे. अशा वाक्यांचा मोठा गुण हा, की ती मोडली गेली तर ते कळते. ज्या तत्त्वाचे उल्लंघन होऊच शकत नाही, ते तत्त्व नव्हे, सुभाषित होय.

प्रत्येक वाक्यापुढे त्याचे कारण आणि त्याची मर्यादाही लिहावी. पन्नास मुलांच्या वर्गात रोज प्रत्येक चुकीपाशी थांबता येणार नाही, हे उघड आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीसाठी तीस आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. प्रत्यक्षातील अनेक वर्ग त्याहून भरलेले असतात. त्यात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याची धांदल असते. या अडचणी खऱ्या आहेत आणि शिक्षकाने त्यांविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु याच कारणाने निवड अटळ होते. वेळ मुबलक असता, तर तत्त्वज्ञानाची गरज कदाचित कमी भासली असती. पस्तीस मिनिटांत दोनच चुकांपाशी थांबता येणार असेल, तर त्या कोणत्या, हे आधीच ठरलेले असावे लागते. एकाच मुलाची घाईतली चूक सोडून देता येते. वर्गातल्या अनेकांच्या मनात घर केलेली चूक सोडून चालत नाही.

शेवटची पायरी म्हणजे हे पान दरवर्षी जून महिन्यात, शाळा उघडताना पुन्हा वाचणे. गेल्या वर्षी कोणते वाक्य पाळले गेले नाही? ते चुकीचे होते म्हणून, की अवघड होते म्हणून? चुकीचे असेल, तर खोडावे. अवघड असेल, तर ठेवावे आणि यंदा त्यासाठी काय बदलणार, ते बाजूला लिहावे. दहा वर्षे ज्या पानावर एकही खोडाखोड झालेली नाही, ते पान पूर्ण झालेले नसून वापरलेच गेलेले नाही, असे खुशाल समजावे.

कोल्हापुरात १९८५ मध्ये सृजन-आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील यांनी त्याआधी अनेक वर्षे भावी शिक्षकांना शिकवण्याचे काम केले होते. शिक्षक घडवणारी ती व्यक्ती उतारवयाकडे झुकताना लहान मुलांच्या वर्गाकडे वळली. शिक्षणाविषयीचे म्हणणे शेवटी तेथेच खरे-खोटे होते, याचा याहून स्पष्ट निर्वाळा क्वचित सापडेल.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला यातले काहीच ठाऊक नसते. तिला एवढेच कळते, की आपले उत्तर चुकले तेव्हा बाई थांबल्या की पुढे गेल्या. उद्या पुन्हा हात वर करायचा की नाही, हे ती त्यावरून ठरवते.